प्लास्टिकपासून इंधन: गेटवर सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमचा ग्रुप पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांमधून घरचं प्लास्टिक गोळा करतो आणि इंधन बनवणाऱ्या प्लांटला पाठवतो. गेटवर गोणी घेऊन उभं राहिलं की लोक थांबून प्रश्न विचारतात, चांगले प्रश्न असतात, पण टेम्पो सुटायची घाई असते आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून इथे सगळं लिहून ठेवलंय. लांबलंय, ज्याला जे हवं ते वाचा. फक्त काय द्यायचं आणि काय नाही तो भाग प्लीज सगळ्यांनी वाचा, सगळं गाडं तिथेच अडतं.

प्लास्टिकपासून खरंच तेल निघतं? की व्हॉट्सॲपवरच्या गोष्टी?

खरंच निघतं. यात जादू काही नाही, प्लास्टिक मुळात खनिज तेल आणि गॅसपासूनच बनतं, आपण त्याला परत मागे नेतो एवढंच. दुधाची पिशवी ज्याची असते ते पॉलिथिन म्हणजे कार्बन-हायड्रोजनची लांबच्या लांब माळ, एकेका माळेत हजारो मणी. डिझेल म्हणजे तसल्याच मण्यांच्या आखूड माळा, साधारण दहा ते वीस कार्बनच्या, आणि पेट्रोल त्याहून आखूड. लांब माळ तोडून तुकडे केले की तेल. तोडायची उष्णतेने, पण हवा अजिबात लागू द्यायची नाही, कारण हवा लागली की प्लास्टिक पेट घेणार आणि मग तेल नाही, नुसता धूर. याला पायरोलिसिस म्हणतात. शब्द अवघड वाटतो, पण लाकडाचा कोळसा पाडतात तेही याच जातीचं काम, भट्टी मातीने लिंपून हवा बंद करतात ना तसंच.

म्हणजे प्लास्टिक जाळताच ना शेवटी? धूर नाही होत?

नाही, आणि हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. उघड्यावर जाळताना तापमान कमी-जास्त होतं, ज्वलन अर्धवट होतं, आणि त्यात पीव्हीसीसारखं (पाइप, फ्लेक्स ज्याचे असतात ते प्लास्टिक) क्लोरीनवालं काही असेल तर डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी रसायनं तयार होतात. बंद रिॲक्टरमध्ये प्लास्टिकला आग लागतच नाही. ते वितळतं, मग त्याची वाफ होते, वाफ थंड केली की तेल. जी वाफ थंड होऊनही तेल होत नाही ती गॅस म्हणून उरते, मिथेन, प्रोपेन, ब्युटेन वगैरे, म्हणजे आपल्या सिलिंडरच्या गॅसचीच भावंडं, आणि ती पाइपने परत बर्नरला नेऊन तोच रिॲक्टर तापवायला वापरतात. चालू करताना बाहेरचं इंधन लागतं, एकदा लय धरली की बरंचसं काम हा गॅस करतो.

अर्थात प्लांट नीट चालवला तर. गॅस नीट न जाळता सोडून दिला, चिमणीला धूर धुणारा स्क्रबर नाही, गळक्या जॉइंटमधून वाफ येतेय, असला प्लांट आजूबाजूच्या लोकांचा छळच करणार. म्हणून कोणी "आमच्याकडे प्रदूषण शून्य" म्हणालं की विश्वास ठेवू नका, प्रदूषण मंडळाची कन्सेंट, म्हणजे संमती, दाखवा म्हणा आणि चिमणी बघा.

आणि हो, सोसायटीमागे पालापाचोळ्याबरोबर पिशव्या पेटवून देतात त्यांना सांगा, राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आहे, साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये दंड.

आत मशीनमध्ये नक्की काय काय होतं?

आम्ही पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं मोठी रिफायनरी वगैरे असेल, पण शेड होती साधी. आधी टेबलावर प्लास्टिक परत निवडतात, दोन बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या हाताचा वेग बघत राहावा असा, नुसता चुरगाळल्याचा आवाज ऐकून सांगतात हे चालेल, हे नाही. मग श्रेडरमध्ये तुकडे. पिशव्या फार फुगीर असतात, रिॲक्टर भरला तरी वजन काहीच नाही, म्हणून तुकडे करून दाबून घेतात. मग ते जातं जाड पोलादी टाकीत, बाहेरून इन्सुलेशन. आतली हवा घालवतात आणि हळूहळू तापवायला घेतात. शंभरच्या पुढे ओल निघून जाते, दीडशेच्या आसपास पिशव्यांचं प्लास्टिक वितळून काकवीसारखं होतं, खरी तोडफोड सुरू होते ती साडेतीनशे ते साडेचारशे डिग्रीला. कॅटॅलिस्ट, म्हणजे तोडफोड सोपी करणारा झिओलाइटसारखा पदार्थ, वापरत असतील तर थोडं कमी तापमानाला भागतं आणि तेलही पातळ येतं.

वाफ कंडेन्सरमध्ये येते, तिथे नळ्यांभोवती गार पाणी फिरत असतं, आणि खालच्या नळातून तेल यायला लागतं. सुरुवातीची धार अगदी फिक्या चहासारखी, नंतर गडद होत जाते. वास रॉकेल आणि विझलेली मेणबत्ती यांच्या मधला. मी बरणीत थोडं आणलं होतं, जानेवारीत सकाळी बघितलं तर खाली पांढरट मेण बसलेलं, दुपारी उन्हात ठेवलं तर गेलं. ते मेण म्हणजे पुरत्या न तुटलेल्या माळा. त्या दिवशी हे सगळं मला खऱ्या अर्थाने कळलं, नाहीतर तोवर मी पण ऐकीव माहितीच सांगत होते.

पूर्ण बॅच व्हायला, थंड करून उघडायला, सगळं मिळून अख्खा दिवस जातो. शेवटी तळाशी काळी पावडर उरते, तिला इंग्रजीत चार (char) म्हणतात.

एक किलो प्लास्टिकमधून एक लिटर पेट्रोल निघतं हे खरं का?

पेट्रोल नाही, तेल. आणि एक लिटर हा आकडा अगदीच खोटा नाही पण त्यात किलो आणि लिटरची गल्लत असते. हे तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेलाचं वजन साधारण ८०० ग्रॅम. म्हणजे किलोभर प्लास्टिकमधून ८०० ग्रॅम तेल निघालं तर मापात ते एक लिटर दिसणार. स्वच्छ, कोरडं, नुसतं पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीन (पिशव्या-रॅपरचं प्लास्टिक) असेल तर त्याच्या जवळपास जाता येतं. घराघरातून येणाऱ्या मिक्स मालाला नाही. आणि ते कच्चं तेल, त्याचं शुद्ध डिझेल करायला गेलात तर आणखी घट.

धरून चालायला एक चांगला आकडा आहे. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत, म्हणजे सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची लॅब, २०१९ मध्ये गेल या सरकारी गॅस कंपनीच्या साथीने दिवसाला १ टन प्लास्टिक घेणारा प्लांट सुरू झाला आणि त्यांनी सांगितलेलं उत्पादन १ टनाला ८०० लिटर डिझेल. लिटरचं वजनात रूपांतर केलं तर साधारण साडेसहाशे किलो. देशातली इतकी तयारीची संस्था एवढं म्हणतेय, तर कोणी १ टनाला १२०० लिटर पेट्रोल सांगत असेल तर खिशाला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करा.

बाकीचं जातं कुठे, तर थोडा गॅस होतो, थोडा चार, आणि घाणेरडा माल असेल तर माती-पाणी.

हे तेल माझ्या गाडीत घालता येईल का?

नको. अजिबात नको. दर वेळी कोणीतरी विचारतंच, तरुण मुलं जास्त.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचा आणि इंधनाचा कडक नियम आहे, डिझेलमध्ये सल्फर १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०) वर चालत नाही, सिटेन नंबर (इंजिनात किती सहज पेटतं त्याचं माप) ५१ लागतो, फ्लॅश पॉइंट (किती तापमानाला वाफ पेट घेते) ठरलेला असतो. आपलं कच्चं तेल म्हणजे पेट्रोल, रॉकेल, डिझेल, मेण सगळ्यांची खिचडी. त्यात हलका भाग इतका असतो की वाफ पटकन पेट घेते. शिवाय तोडलेल्या माळांची टोकं उघडी असतात, रासायनिक भाषेत ओलेफिन्स, ती हवेशी रिॲक्ट होऊन डिंकासारखा चिकट गाळ धरतात, तेल महिना-दोन महिने ठेवलं तर नुसतं रंगावरूनच कळतं. हा गाळ इंजेक्टरमध्ये गेला की काम संपलं. पीव्हीसीचा अंश असेल तर ॲसिड, म्हणजे आतून गंज.

आणि डिझेल म्हणून विकणं तर गुन्हाच, पेट्रोल-डिझेलच्या विक्रीवर २००५ चा कंट्रोल ऑर्डर आहे, अधिकृत पंपाशिवाय आणि ठरलेल्या दर्जाशिवाय विकता येत नाही.

मग वापर कुठे होतो?

बॉयलर, भट्ट्या, फर्नेस ऑइल जिथे लागतं तिथे. उष्णता चांगली देतं, किलोला साधारण १०,००० किलोकॅलरी, म्हणजे डिझेलच्या आसपासच. काही ठिकाणी जनरेटरला डिझेलमध्ये थोडं मिसळून चालवतात, पण ते इंजिन बघून आणि गाळून वगैरे. रिफायनिंगची सोय असेल तर खरं डिझेल करता येतं, डेहराडूनच्या प्लांटने तेच केलं. आणि एक नवीन दिशा मला जास्त आवडते, हे तेल जाळायचंच नाही, रिफायनरीत कच्च्या तेलाबरोबर घालून परत प्लास्टिकच बनवायचं. रिलायन्सने जामनगरला हे सुरू केलंय. तसं झालं तर कार्बन हवेत जात नाही, फिरत राहतो.

आपल्याकडे हे कोणी सुरू केलं?

महाराष्ट्राचं नाव यात बऱ्यापैकी आधीपासून आहे. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर, रसायनशास्त्राच्या, त्यांनी साधारण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्लास्टिकपासून इंधनाचं काम केलं आणि बुटीबोरीला प्लांट उभा राहिला, तेव्हा पेपरात खूप आलं होतं. मग पुण्यात डॉ. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्स सुरू केली. त्यांनी सुरुवात घरच्या प्रेशर कुकरवर प्रयोग करून केली होती, पुढे जेजुरीला प्लांट, आणि पुण्यात घराघरातून प्लास्टिक गोळा करायची सवय लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. रेल्वेनेही २०२० मध्ये भुवनेश्वरजवळ मंचेश्वरच्या वर्कशॉपमध्ये कचऱ्यापासून तेलाचा छोटा प्लांट टाकला.

कुकरवर होतं तर आम्ही घरी करून बघू का? मुलाला सायन्स प्रोजेक्ट आहे.

हात जोडून सांगते, नको. ज्यांनी केलं ते रोज तेच काम करणारे, सगळी खबरदारी घेऊन करणारे लोक होते. साडेचारशे डिग्रीची पेट्रोलसारखी वाफ बंद भांड्यात, रबरी रिंग त्या तापमानाला टिकत नाही, एक जॉइंट सुटला आणि शेजारी गॅसची शेगडी पेटलेली असली की स्फोटच. दुसरं म्हणजे भांडं गरम असताना उघडलं तर आतला चार हवा लागताच धुमसतो, मोठ्या प्लांटवरचे अपघातसुद्धा बरेचदा घाईने झाकण उघडण्याने होतात. यूट्यूबवरच्या व्हिडिओत डब्याला नळी लावून पोरं उघड्या अंगाने बसलेली दिसतात, बघवत नाही.

प्रोजेक्टसाठी दुसरं छान आहे: बाटल्या-डब्यांच्या तळाचे त्रिकोणातले नंबर (ते प्लास्टिकचा प्रकार सांगतात) गोळा करा आणि कोणतं प्लास्टिक पाण्यात तरंगतं, कोणतं बुडतं ते बघा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, पेट (PET, पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी बुडतं. वेगळं करायची ही सगळ्यात सोपी युक्ती आहे आणि कारखान्यातही हीच वापरतात.

काय द्यायचं आणि काय नाही?

हाच तो भाग. आधी एक गोष्ट: जे भंगारवाला विकत घेतो ते आम्हाला देऊ नका. पाण्याच्या बाटल्या, शाम्पू-फिनेलचे डबे, तेलाचे कॅन, बादल्या, खुर्च्या, आणि दुधाच्या जाड पिशव्यासुद्धा, यांचं परत प्लास्टिक होतं आणि ते इंधनापेक्षा कितीतरी चांगलं. शिवाय त्यावर कचरावेचक ताईंचं घर चालतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, त्यातूनच पुढे स्वच्छ संस्था उभी राहिली, दारोदार येणाऱ्या ताई त्याच. आमच्या मोहिमेमुळे त्यांच्या पोटावर पाय येणार असेल तर मला ही मोहीम नको. सुरुवातीला आम्ही दुधाच्या पिशव्या गोळा करत होतो, आमच्या वॉर्डातल्या एका ताईंनी शांतपणे सांगितलं की ताई, याचेच तर पैसे येतात आम्हाला. तेव्हापासून बंद केलं.

आम्हाला द्या ते कोणी घेत नाही ते. बिस्किट-वेफर्सचे रॅपर, बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि आतली चकाकी म्हणजे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर, तो चारमध्ये उरतो. पातळ कॅरीबॅग, डाळ-तांदूळ-साखरेच्या पिशव्या, ब्रेडचे रॅपर, साडीचे-शर्टचे कव्हर, कुरिअरच्या पिशव्या, बबल रॅप, मोडकी झाकणं, हॉटेलच्या पार्सलचे काळे-पांढरे डबे धुऊन. कापडासारख्या दिसणाऱ्या लग्नातल्या रंगीत पिशव्या पण द्या, त्या कापड नाही, पॉलिप्रॉपिलीन आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. थर्माकोल चालतो, तेल चांगलं देतो, पण जागा एवढी खातो की आधी फोन करा.

आता नको ते, आणि इथे खरंच हट्ट धरते मी. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स नको, त्या बहुतेक पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम. वाढदिवसाचे फ्लेक्स नको, पीव्हीसी. रेक्झिन, पाइपचे तुकडे, वायर, पावसाळी चपला, टेबलावरचं पारदर्शक जाड कव्हर, सगळं पीव्हीसी. पीव्हीसीच्या वजनात अर्ध्याहून जास्त क्लोरीन असतं, तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ, ती रिॲक्टर खाते, पाइप खाते, तेल नासवते आणि तिथल्या माणसांच्या छातीत जाते. एका गोणीत एक फ्लेक्स आला तरी अख्खी बॅच खराब होऊ शकते.

पाण्याची बाटली म्हणजे पेट, ती पण रिॲक्टरला नको, तिच्या वजनातला तिसरा हिस्सा ऑक्सिजन असतो, तेल कमी आणि पांढरी पावडर जास्त, नळ्या चोंदतात. टेट्रापॅक नको, तो मुख्यतः पुठ्ठा. स्पंज, गादीचा फोम, नायलॉनचे दोर, मेलामाइनच्या प्लेट्स नको. डायपर, सॅनिटरी पॅड तर कृपा करून नकोच, ते लाल खूण करून वेगळे द्यायचे असतात.

धुवायला खरंच लागतं का? पाणी वाया जातं ना?

लागतं, पण नवीन पाणी लागत नाही. भांडी घासून झाल्यावरचं शेवटचं पाणी असतं ना, त्यात पिशवी उलटी करून खळबळायची, दोरीवर चिमट्याने लटकवायची, झालं. साबण नको. वेफर्सची पिशवी नुसती झटकून पुसली तरी चालते.

कोरडं का, तर ओलं प्लास्टिक तापवताना आधी पाणी उकळून घालवावं लागतं, त्यात इंधन जातं, म्हणजे इंधन मिळवायला आधी इंधन फुकट घालवायचं. आणि अन्न लागलेलं असेल तर कुजतं. एका जुलैत आमच्या चौदा गोण्या परत आल्या. घाईत आम्ही कोणाच्या पिशव्या बघितल्या नव्हत्या, वरून पाऊस, टेम्पोला ताडपत्री नव्हती. प्लांटच्या दारात गोणी उघडली तर आत ताकाच्या पिशव्यांना बुरशी, अळ्या, आणि त्या निवडणाऱ्या दोघी बायका तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. मला अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं. आपल्या किचनमधला एक मिनिट वाचतो आणि दुसऱ्या कोणाला तरी त्यात हात घालावा लागतो. तेव्हापासून ओली गोणी आम्ही गेटवरच परत करतो, कृपया राग मानू नका.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापण्याबद्दल तुम्ही का बोलता सारखं?

कारण तो नखाएवढा तिकोनी तुकडा सिंकमधून वाहत नदीपर्यंत जाऊ शकतो, एवढासा असल्याने सहज निसटतो. कोपरा पूर्ण कापू नका, थोडा जोडलेला राहू द्या, पिशवीबरोबरच राहील. पिशवी भंगारात द्या किंवा ताईंना द्या, पण तुकड्यासकट.

आमच्या एका घराने काय फरक पडणार?

वजन करून बघा. वेफर्सचं छोटं पाकीट दोन-तीन ग्रॅमचं. घरात दिवसाला असले चार-पाच रॅपर आणि एखादी पिशवी निघते असं धरलं तर महिन्याला पाव ते अर्धा किलो. ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीतून निम्म्यांनी दिलं तरी दहा ते वीस किलो दर महिन्याला. रिॲक्टरची एक छोटी बॅच भरायला अशा बऱ्याच सोसायट्या लागतात, म्हणून एकट्याने नाही, सगळी बिल्डिंग मिळून करायचं म्हणतो आम्ही.

पैसे मिळतात का?

नाही. आम्ही घेत नाही, देतही नाही, टेम्पोचं भाडं सोसायट्या वाटून घेतात.

मग हे पर्यावरणाला चांगलं आहे की नाही, खरं सांगा.

खरं सांगते. प्लास्टिकपासूनचं तेल हरित इंधन नाही. ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड होतोच, किलोभर पॉलिथिनमधला सगळा कार्बन जळला तर तीन किलोहून जास्त. खनिज तेलच आहे ते, मधे काही दिवस पिशवी होऊन आलेलं. फायदा एवढाच की तेवढं नवीन फर्नेस ऑइल लागलं नाही, आणि ते रॅपर नाल्यात, गाईच्या पोटात किंवा उरुळीच्या कचरा डेपोत गेलं नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत नाले तुंबण्यात पिशव्यांचा किती वाटा होता ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा फायदा छोटा वाटणार नाही.

पण क्रम चुकवायचा नाही. आधी वापरूच नका, मग परत वापरा, मग भंगारात, आणि यातलं काहीच जमलं नाही ते इंधनाला. केंद्राचे २०१६ चे प्लास्टिक कचऱ्याचे नियम आणि २०२२ ची उत्पादकांच्या जबाबदारीची गाइडलाइन, दोन्हीत हाच क्रम आहे: रिसायकल होत नाही तेवढंच रस्ते, सिमेंट भट्टी, वीज किंवा तेल याला. सिमेंटची भट्टी चौदाशे डिग्रीच्या वर असते, चंद्रपूरकडच्या कारखान्यांसारख्या ठिकाणी कोळशाबरोबर असलं प्लास्टिक वापरता येतं. डांबरात प्लास्टिक घालून रस्ते करायची पद्धत मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांची, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली. प्रत्येक उपायाचं आपापलं काम आहे, पण "आता तेल निघतं म्हणजे बिनधास्त वापरा" असं कोणी म्हणालं ना की माझा जीव तुटतो. तेवढ्यासाठी नाही करत आम्ही हे.

पण प्लास्टिकवर तर बंदी आहे ना? मग येतं कुठून?

महाराष्ट्राची बंदी मार्च २०१८ ची, जूनपासून अंमल सुरू झाला. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच वस्तू बंद केल्या, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. पण वेफर्स, बिस्किट, डाळ, डिटर्जंट यांचं पॅकिंग बंदीत नाही, ते कंपनीने परत गोळा करायची व्यवस्था लावायची असते. आणि मंडईत पातळ पिशव्या अजूनही सर्रास मिळतात हे तुम्हीही बघता. आमच्या गोणीत दोन्ही असतं.

मला स्वतःचा प्लांट टाकायचाय. मशीनवाले म्हणतात सहा महिन्यांत पैसे वसूल.

असे फोन खूप येतात, गावाकडून तर जास्त, चांगली मुलं असतात, कर्ज काढायला तयार. त्यांना मी एकच विचारते, माल कुठून आणणार? मशीनची चिंता नंतर. स्वच्छ, कोरडं, निवडलेलं प्लास्टिक रोज टनाने मिळत नाही, मिळतो तो मिक्स कचरा, आणि निवडायची मजुरी धरली की मशीनवाल्याच्या कागदावरचं गणित कोलमडतं. आमच्या ओळखीतल्या एकाने असंच मशीन घेतलं, विकणाऱ्याने ट्रायलला एकदम स्वच्छ दाणा वापरून दाखवला होता, घरचा कचरा घातल्यावर कंडेन्सर मेणाने जाम. मशीन शेडमध्ये पडून आहे आणि हप्ते चालू आहेत.

तरी करायचंच असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशा दोन्ही संमती लागतात, केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते, ज्वलनशील तेल साठवायला मर्यादेच्या वर पेसोचा (स्फोटक आणि ज्वलनशील मालाच्या सुरक्षेची केंद्राची संस्था) परवाना, त्यांचं मुख्यालय नागपुरातच आहे. चालू प्लांटवर जाऊन पंधरा दिवस उभं राहा, तेलाचा नमुना लॅबमध्ये तपासा, आणि तेल घेणाऱ्याचं लेखी पत्र हातात असल्याशिवाय सही करू नका. टायरचा पायरोलिसिस हा वेगळा धंदा, त्यात सल्फर खूप, कार्बनची काजळी खूप, पालघर जिल्ह्यातल्या वाड्याकडच्या गावांना विचारा शेजारी असले कारखाने म्हणजे काय ते. दोन्ही एकाच मशीनमध्ये होतं असं सांगणाऱ्याकडून तर घेऊच नका.

उरलेल्या काळ्या पावडरचं काय?

चांगला प्रश्न, फार कमी लोक विचारतात. निवडलेल्या मालाचा चार कमी निघतो आणि त्यात कार्बन असतो, तपासून भट्टीत किंवा सिमेंटला वापरता येतो. पण रंगातले धातू, ॲल्युमिनियम, माती सगळं त्यातच उतरतं, म्हणून शेतात टाका, खत म्हणून चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आम्ही प्लांट निवडताना चार कुठे जातो हे कागदावर विचारलं होतं, तुम्हीही विचारा.

घरात जागा नाही, महिनाभर साठवायचं कुठे?

दहा किलोच्या आट्याची रिकामी पिशवी घ्या, गॅलरीत किंवा सिंकखाली खिळ्याला अडकवा. कोरडी पिशवी घडी करून आत सारायची, चुरगाळून टाकली की फुगते. माझ्याकडे चौघांच्या घरात एक पिशवी महिनाभर पुरते, दिवाळीत दोन लागतात. वर तुमच्या बिल्डिंगचं आणि फ्लॅटचं नाव मार्करने लिहा म्हणजे काही चुकीचं निघालं तर आम्हाला येऊन सांगता येतं. दुसरा रविवार, सकाळी ९ ते ११, गेटच्या आत वॉचमनच्या केबिनजवळ. पावसाळ्यात तोंड बांधूनच आणा, गाठ मारू नका, दोरीने बांधा, उघडून बघायचं असतं आम्हाला.